लेन्समधली धूळ तशीच राहू द्या

सोमवती अमावस्येला जेजुरीत फोटो काढायचे, तर लेन्समध्ये भंडारा शिरणार हे गृहीतच धरावं. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा मुठी भरभरून भंडारा उधळतात, सगळी हवाच पिवळी होते. माझी २४-१०५ची झूम लेन्स. झूम करताना तिची नळी पुढे सरकते, आतली पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेबरोबर हळदही. घरी येऊन टॉर्च मारला, तर पुढच्या काचेमागे पिवळे कण चमकत होते.

फोटोंत त्यांचा मागमूस नव्हता. तरी चैन पडेना, म्हणून लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे साफ करायला दिली. काच लख्ख होऊन आली. पण पुढच्याच लग्नातल्या ग्रुप फोटोत डावीकडच्या बायकांच्या पैठणीचे काठ रेघ न् रेघ दिसत होते आणि उजवीकडचे चेहरे धूसर. मग विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला, ॲपर्चर एफ/४ ठेवलं. डावीकडच्या विटांमधल्या सिमेंटची खरखर मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, उजवीकडचा सगळा सांधा विरघळलेला. कॅमेरा उलटा करूनही फ्रेमची तीच बाजू धूसर आली, म्हणजे भिंत तिरकी नव्हती. साफसफाईआधीच्या फोटोंत दोन्ही कडा नीट होत्या. पुष्कळ लेन्समध्ये काचा कारखान्यात मोजून-मापून मध्यावर बसवलेल्या असतात. उघडताना एखादी केसभर कलली, की धूळ जाते आणि धारही जाते. ती धार परत आणणं धूळ काढण्यापेक्षा कितीतरी अवघड.

आता मी प्रत्येकाला आधी एक प्रयोग करायला सांगतो. लेन्सवर साधा फिल्टर लावा, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा कागदाचा तुकडा चिकटवा, झूम १०५वर नेऊन ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि दूरच्या झाडाचा फोटो घ्या. तुकडा फोटोत शोधून सापडणार नाही. इतक्या जवळची वस्तू फोकसमध्ये येतच नाही. तिची सावली साऱ्या फ्रेमभर पसरून जाते. मग आतल्या चार कणांची काय कथा! टॉर्चच्या उजेडात तर नवी कोरी लेन्सही धुळकट दिसते. त्या उजेडात लेन्सची परीक्षा करू नका, फोटोंवरून करा.

धूळ खरोखर नडते ती सूर्य समोर असताना. फोटोवर पांढुरकी झाक येते. रात्रीच्या दिव्यांच्या गोळ्यांमध्येही ठिपके दिसू शकतात. मागची, कॅमेऱ्याकडची काच मात्र जपा. तिथली घाण पुढच्यापेक्षा लवकर नडते.

आकाशात काळपट डाग दिसले, तर ते बहुधा लेन्समधले नसतातच. एफ/१६वर मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. लेन्स बदलूनही डाग त्याच जागी राहिला, तर धूळ सेन्सरवर आहे. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरच्या खालच्या कडेला शोधायचा. रबरी ब्लोअरने तो बऱ्याचदा उडतो. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा मारू नका, त्यातलं द्रव सेन्सरवर डाग पाडू शकतं.

बुरशीला मात्र मी धुळीच्या पंक्तीला बसवत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले, तर लेन्स जाणकाराकडे न्यायलाच हवी, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्स कपाटात बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहावा. जुनी लेन्स विकत घेतानाही माझा तोच हिशेब: आत धूळ असली तर चालेल, धागे दिसले तर नको.

जेजुरीला मी अजूनही जातो. तिथे लेन्स बदलत नाही, पुढे फिल्टर असतो आणि नळीला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधलेली असते. परतल्यावर झूमच्या कड्याला हात लावण्याआधी नळीच्या सांध्यात साचलेली हळद मऊ ब्रशने झाडून घेतो, लेन्स खाली तोंड करून ब्लोअर मारतो, मगच झूम फिरवतो.