दुधाचा दात का राखावा?

‘दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडणारच. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हे उद्गार ज्या घरात कधी निघाले नाहीत, असे घर विरळाच. गेल्या वर्षी आमच्या काचीगुड्याच्या घरीही ते निघाले. माझ्या सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीची खालच्या जबड्यातील मागली दुधाची दाढ किडली होती. गोड खाल्ले की कळ येई. चूळ भरली की ती थांबे. आजीने दाढेखाली लवंग धरावयास दिली आणि दाढ काढून टाकावी असे सुचविले. वडील मात्र तिला दंतवैद्यांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होतो. तेथे जे पाहिले व ऐकले, ते माझ्या शाळासोबत्यांना सांगावे म्हणून हा लेख.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. त्याच्या आत दंतिनाचा थर आणि अगदी गाभ्यात दंतमज्जा असते. रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला हा कोवळा गर दाताला जिवंत ठेवतो. दुधाच्या दाताचे कवच पातळ आणि गर त्या मानाने मोठा. म्हणून कीड लवकर आत पोहोचते.

कीड म्हणजे किडा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. सुश्रुतसंहितेत या रोगाला ‘कृमिदंतक’ म्हटले आहे आणि दातात कृमी शिरतो अशी समजूत अनेक देशांत होती. १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात खरे कारण मांडले. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला झिजवते.

आता मूळ प्रश्न. पडणारा दात राखावा कशासाठी? दुधाचे दात वीस. मागली दुधाची दाढ साधारणपणे दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला तिच्याकडून आणखी चार-पाच वर्षे चावण्याचे काम करून घ्यावयाचे असते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. पुढची दुधाची दाढ अकाली काढली, तर ही कायमची दाढ पुढे सरकते, रिकामी जागा आटते आणि नंतर येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. तो वेडावाकडा येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो. दुधाचा दात हा असा मागाहून येणाऱ्याची जागा राखणारा पहारेकरी आहे.

दंतवैद्यांनी प्रथम विचारले, ‘बाळ, रात्री दुखून जाग येते का?’ ती नाही म्हणाली. हा प्रश्न सहज विचारलेला नव्हता. आपोआप, विशेषतः रात्री उठणारी कळ गराला खोलवर सूज आल्याची खूण असते. क्ष-किरण चित्रात कीड गरापाशी पोहोचलेली, पण मुळे शाबूत दिसली. मग सुईने दाढेभोवतीचा भाग बधिर करून त्यांनी कीड कोरून काढली आणि दाताच्या माथ्यातील दूषित गर तेवढा काढला. ओल्या कापसाचा बोळा काही मिनिटे दाबताच रक्त थांबले. मुळांतील गर निरोगी असल्याचे ते लक्षण होते. त्यावर औषधी लेप देऊन वर पोलादी टोपी बसविली. रक्त थांबले नसते, तर मुळांतीलही गर काढावा लागला असता.

तशा वेळी मुळांच्या पोकळ्या स्वच्छ करून त्यांत विरघळणारा लेप भरतात. खालचा कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताची मुळे झिजत जातात. त्यांच्याबरोबर लेपही विरावा, ही त्यामागील योजना. असा एक जुना लेप जस्ताची भस्मे व युजेनॉल यांचा असतो, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य! आजीची लवंग अगदीच खोटी नव्हती. पण ती कळ शमविते, कीड थांबवीत नाही.

दात दर वेळी वाचतोच असे नाही. मुळे बरीच झिजली असतील किंवा भोवतालचे हाड पुवाने नासले असेल, तर तो काढणेच हिताचे. तेव्हा त्याची जागा राखण्यासाठी तारेची पट्टी बसवून घ्यावी.

वेदनाशमनाच्या इतिहासात आपल्या हैदराबादचे नाव आहे. क्लोरोफॉर्म कितपत निर्धोक आहे, हे तपासण्यासाठी निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली येथे दोन आयोग बसले होते. त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधनाने खोडून काढला, तरी प्रश्न येथे जिद्दीने हाताळला गेला. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि मुलाला बेशुद्ध न करता दाढ बधिर करणे सोपे झाले. अफजलगंजचे शासकीय दंत महाविद्यालय १९५९ पासून या शहरात दंतवैद्य घडवीत आले आहे.

तरीही उपचारापेक्षा काळजी बरी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा दात घासावेत. लहानग्यांचे दात वडील माणसांनी घासून द्यावेत. फ्लोराइड थोडे असता दात राखते. पाण्यात ते फार असले, तर दात डागाळतात, हे शेजारच्या नलगोंडा जिल्ह्याने सोसले आहे. मधून मधून गोड चघळण्याची सवय मोडावी आणि दात दुखण्याची वाट न पाहता ते तपासून घ्यावेत.

आता बहीण त्याच दाढेने भाकरी चावते. आजी तिची रुपेरी टोपी शेजारणींना कौतुकाने दाखविते आणि म्हणते, ‘पडेल तेव्हा पडेल, पण आपल्या वेळेला पडेल.’