राखणीच्या कुत्र्याचें निर्बीजीकरण : करावें कीं करूं नये?

आपल्या जिल्ह्यांत कुत्रें नाहीं असा मळा विरळा. तापीकांठच्या उसांत व केळींत, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, नवापूरकडील भाताच्या खळ्यांत आणि अक्राणीच्या डोंगरांतील पाड्यापाड्यांवर राखणीस कुत्रें असतेंच. चतकोर भाकरीवर तें रात्रभर जागतें. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, चार जाणत्यांस विचारतों. कुत्र्याविषयीं मात्र असा विचार करण्याची आपणांस संवय नाहीं. त्यामुळें कुत्री व्याली म्हणजे मग प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हां त्याचें चांगलें उत्तर हातीं उरलेलें नसतें. पाळलेल्या कुत्र्याची अगर कुत्रीची प्रजननशक्ति शस्त्रक्रियेनें बंद करावी कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. त्याच्या दोन्ही बाजू या लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. शस्त्रक्रिया म्हणजे काय?

निर्बीजीकरण हा शब्द नवा असला तरी गोष्ट शेतकऱ्यास जुनी आहे. गोऱ्हा खच्ची केल्यावांचून त्याचा औताचा बैल होत नाहीं. सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा पाहणारासहि अंडील घोडा कोणता व खच्ची कोणता हें शिकवावें लागत नाहीं. पूर्वीं गोऱ्हे बडवीत. हल्लीं पशुवैद्य बर्डिझोच्या चिमट्यानें नस दाबून तेंच काम रक्त न काढतां करतात. कुत्र्याची रीत मात्र निराळी आहे. नरास भूल देऊन त्याचे दोन्ही वृषण काढतात. मादीचें पोट उघडून बीजकोश, व बहुधा त्यांबरोबर गर्भाशयहि, काढतात. म्हणून मादीची शस्त्रक्रिया नराहून मोठी असते. दोन्ही कामें भूल देऊन, स्वच्छ जागीं, पशुवैद्याच्याच हातून झालीं पाहिजेत. गांवांतील एखाद्या हुशार माणसाच्या वस्तऱ्याखालीं कुत्रें देणें हा क्रूरपणा होय.

२. कुत्रीचें वर्ष

कुत्री बहुधा सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत प्रथम माजावर येते. मोठ्या जातीची याहून उशिरां येते. पुढें साधारणतः वर्षांतून दोनदां माज येतो; पण आपल्याकडील गांवठी कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाळ्याची अखेर हाच असतो. भाद्रपदाची ख्याति त्यावरूनच झालेली आहे. माज सुमारें तीन आठवडे टिकतो. आरंभीं रक्तस्राव होतो, त्या दिवसांत कुत्री नरास जवळ येऊं देत नाहीं. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्राव फिका पडतो व ती नर घेते. रक्त थांबलें म्हणजे माज सरला, असें समजून कुत्री सोडणारे येथेंच फसतात. कारण फळण्याचे दिवस नेमके तेच असतात.

गर्भाची मुदत सुमारें ६३ दिवसांची आहे. म्हणून भाद्रपदांत फळलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षांत, थंडीच्या तोंडीं विते. एका वेतांत चार-सहा पिलें, कधीं अधिक, होतात. एकाच वेतांतील पिलांचे बाप निरनिराळे असूं शकतात. म्हणून मोकळ्या सोडलेल्या कुत्रीबाबत 'आमच्या चांगल्या नराचींच पिलें आहेत' असा भरंवसा धरतां येत नाहीं.

३. पिलांचें खातें

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें कोणतीहि गोष्ट जमाखर्चावर मांडून पाहण्याची संवय जडलेली आहे. वर्षांत एकच वेत, वेतांत पांच पिलें आणि विण्याचीं सहा वर्षें, असा बेताचा हिशेब धरला तरी एका कुत्रीचीं तीस पिलें झालीं. मळ्याला कुत्रीं लागतात एक किंवा दोन. उरलेलीं अठ्ठावीस कोणाच्या खातीं पडलीं? नर पिलें शेजारीपाजारी मागून नेतात. मादी पिलें बहुधा मागें राहतात, आणि मग तीं पोत्यांत घालून बाजाराच्या वाटेवर किंवा दुसऱ्या गांवच्या शिवेवर सोडण्यांत येतात. 'कोणीतरी नेईल' ही नोंद दप्तरांत टिकणारी नव्हे. बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिलांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील अवघीं १९ टक्के पिलें जननक्षम वयापर्यंत पोहोंचलीं, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंस माणूसच कोणत्या ना कोणत्या प्रकारें कारण झाला होता. म्हणजे पांचांतील चार गेलीं. आपण हातानें मारलीं नाहींत, एवढ्यानें तीं वांचलीं असें होत नाहीं.

जीं वांचतात त्यांचा भार गांवावर पडतो. त्यांस खावयास कोणी घालीत नाहीं, लस कोणी टोंचीत नाहीं. तीं कोंबड्यांवर, करडांवर आणि कधीं पोरांवर धांवतात. शहादें-तळोद्याकडील ऊस-शेतकऱ्यास तर आणखी एक गोष्ट ध्यानांत घेणें अवश्य आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, उसाच्याच मुलुखांत, बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला व तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या भक्ष्यांत वजनाच्या मानानें सर्वांत मोठा वांटा, सुमारें ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. गांवाभोंवतीं मोकाट कुत्रीं वाढविणें म्हणजे बिबट्यास रोजचें ताट वाढून ठेवणें होय.

४. मादीच्या शस्त्रक्रियेचा लाभ

पिलें होत नाहींत हा पहिला लाभ. दुसरा तिच्या स्वतःच्या प्रकृतीचा. न फळलेल्या किंवा वयस्क झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयांत माजानंतर कांहीं आठवड्यांनीं पू होण्याचें दुखणें उद्भवतें. ती पाणी फार पिते, अन्न सोडते, आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास दगावते. गर्भाशय व बीजकोश काढलेल्या कुत्रीस हें भय बहुतेक उरत नाहीं. स्तनांच्या गांठींचें प्रमाणहि पहिल्या माजापूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत फार कमी आढळतें, असें १९६९ सालापासून सांगण्यांत येतें. अलीकडे कांहीं परीक्षकांनीं या पुराव्याच्या बळाविषयीं शंका काढली आहे, म्हणून या लाभाची नोंद आम्ही पेन्सिलीनें करतों. तिसरा लाभ असा कीं, संगावाटे पसरणारी व जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढणारी गांठ आपल्या देशांतील मोकळ्या कुत्र्यांत पुष्कळ दिसते. जिचा संगच घडत नाहीं तिला ती लागण्याची वाट बहुतांशीं बंद होते.

माज दाबण्यासाठीं कोणी इंजेक्शन टोंचून घेण्याचा सल्ला देतात. तें स्वस्त दिसतें. परंतु असल्या औषधांनीं गर्भाशयांतील पू व स्तनांच्या गांठी यांचा धोका उलट वाढतो. ही वाट धरूं नये.

५. न करण्याची बाजू

दुसऱ्या पानावरील रकमाहि तितक्याच प्रामाणिकपणें मांडल्या पाहिजेत. भूल देण्यांत थोडा तरी धोका असतोच. म्हाताऱ्या व अशक्त कुत्र्यास तो अधिक. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते व अंग सुटतें. भाकर बेतानें न दिल्यास कुत्रें लठ्ठ होतें. कांहीं माद्यांस, विशेषतः मोठ्या अंगाच्या, पुढें झोपेंत मूत्र गळण्याची खोड लागते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांस वर्षाच्या आंत निर्बीज केल्यास सांध्यांचे विकार अधिक होतात, असें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठानें ३५ जातींवर केलेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कित्येक जातींबाबत आढळलें. म्हणून ज्यानें अल्सेशियनसारखें मोठें कुत्रें पाळलें असेल त्यानें घाई न करतां वयाविषयीं पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आपल्या मध्यम बांध्याच्या गांवठी कुत्र्यास ही भीति तितकी नाहीं.

नॉर्वे देशांत तर तसेंच कारण असल्यावांचून कुत्र्यावर ही शस्त्रक्रिया करण्यास कायद्याची मोकळीक नाहीं. परंतु तेथें कुत्रें दोरीवांचून गांवांत हिंडत नाहीं. ज्या शेतकऱ्यास माजाचे तीन आठवडे पुरे होईपर्यंत कुत्री दाराआड कोंडून ठेवतां येते, बाहेर नेतांना दोरी हातांत धरतां येते, आणि हें वर्षांतून दोनदां, दरवर्षीं करतां येतें, त्यानें शस्त्रक्रिया न केली तरी चालेल. मळ्यावरील कुडाच्या झोपडीला हें साधत नाहीं, हें वाचक जाणतातच. कुत्री बांधून ठेवली तरी नर तिच्यापर्यंत पोहोंचतो. साखळी तिला अडविते, त्याला नाहीं.

६. नराचा विचार

नराची शस्त्रक्रिया लहान व जखम लौकर भरणारी असते. तिनें माजाच्या वासावर कोसभर भटकणें, त्यापायीं होणाऱ्या झुंजी आणि जागोजाग मुतणें हीं बहुधा कमी होतात. मात्र दोन भ्रम नसावेत. एक, चावण्याची खोड यानें हमखास जाते असें नाहीं. भित्रेपणानें चावणारें कुत्रें यानें सुधारत नाहीं, कधीं अधिकच बिथरतें. दोन, गांवांतील एका नरास निर्बीज केल्यानें पिलांची संख्या घटत नाहीं, कारण उरलेला एकच नर सर्व माद्यांस पुरतो. म्हणून खर्च एकाच जनावरापुरता असेल तर तो आधीं मादीवर करावा. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे नरांत बीज शिल्लक असूं शकतें, हेंहि विसरूं नये.

७. चार प्रचलित समजुती

'निर्बीज कुत्रें राखण करीत नाहीं' ही पहिली. राखण ही कुत्र्याच्या कानांत, नाकांत व धन्याच्या लोभांत असते. परक्याची चाहूल लागतांच भुंकणें शस्त्रक्रियेनें जात नाहीं. अंग सुटून कुत्रें आळसावलें तर तो दोष अधिक भाकरीचा. 'एक वेत होऊं द्यावें, मग करावें' ही दुसरी. एका वेतानें कुत्रीची प्रकृति सुधारते असा आधार वैद्यकांत नाहीं. 'हें निसर्गाविरुद्ध, म्हणून पाप आहे' ही तिसरी. बैल जुंपणाऱ्या हातानें हा आक्षेप घ्यावयाचा असेल तर पोत्यांतील पिलांचेंहि उत्तर तयार ठेवावें. 'मारून टाकलीं म्हणजे संपतात' ही चौथी. मुंबईंत १८३२ सालीं सरकारनें कुत्रीं मारविण्याचा क्रम चालविला तेव्हां पारशी समाज खवळून जून महिन्यांत दंगा झाला. पुढेंहि त्या शहरांत कित्येक दशकें कुत्रीं मारण्यांत आलीं, तरी तीं संपलीं नाहींत. ज्या गांवांत उकिरडा आहे व विणाऱ्या माद्या आहेत, तेथें मेलेल्यांची जागा दुसऱ्या वर्षीं भरते.

कायद्याची स्थितीहि सांगून ठेवतों. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें पाळलेलें जनावर उपाशी मरेल अशा रीतीनें सोडून देणें हा अपराध आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणें रस्त्यावरील कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण हें स्थानिक संस्थेचें काम ठरलें आहे. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी धन्याची. आपली कुत्री मोकळी सोडून तिच्या पिलांबद्दल ग्रामपंचायतीस बोल लावतां येत नाहीं.

८. लस निराळी, शस्त्रक्रिया निराळी

निर्बीज केलेल्या कुत्र्यासहि पिसाळी होऊं शकते. हा रोग एकदां उठला म्हणजे माणूस काय, बैल काय, बहुधा वांचत नाहीं. पिलास तीन महिन्यांच्या सुमारास पहिली टोंचणी व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें, बहुधा दरवर्षीं, लस दिलीच पाहिजे. गोव्यांत कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणानें हा रोग इतका आटोक्यांत आला कीं, २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालें. कुत्रें चावल्यास जखमेंत मिरची, हळद वा तेल न भरतां साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

९. वेळ व निगा

मार्गशीर्षांत जन्मलेली मादी ज्येष्ठांत सहा महिन्यांची होते. पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वीं, तिचा पहिला भाद्रपद उजाडण्याआधीं, शस्त्रक्रिया करून घेणें सर्वांत सोयीचें. माजावर असतांना करूं नये. रक्त अधिक जातें. भाद्रपदांत माज होऊन ती फळली नसेल तर दोन-तीन महिने जाऊं देऊन पौष-माघांत करावी; व्याली असेल तर पिलें अंगावरून तुटल्यावर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयांत ही सोय आहे काय, कोणत्या वारीं आहे व खर्च काय येईल, हें आधीं विचारून घ्यावें. दूरच्या पाड्यांवरील पांच-सहा घरांनीं मिळून एकच दिवस ठरवून घेतला तर गाडीखर्च वांटला जातो.

आदल्या रात्रीपासून अन्न देऊं नये. पाण्याविषयीं पशुवैद्य सांगेल तसें करावें. घरीं आणल्यावर कोरड्या, स्वच्छ जागीं ठेवावें. दहा ते चौदा दिवस उड्या मारूं देऊं नयेत, न्हाऊं घालूं नये व जखम चाटूं देऊं नये. जखमेस सूज, पू वा दुर्गंधि दिसल्यास विलंब न लावतां पुन्हां दाखवावें. हे दिवस कुत्रें रात्रीं घरांत घ्यावें. भूल उतरलेलें व अशक्त कुत्रें उसाच्या बांधाला बांधून ठेवणें म्हणजे तें बिबट्याच्या स्वाधीन करणेंच होय.

१०. निर्णय

सारांश, शेतकरी बंधूंनीं स्वतःस तीनच प्रश्न विचारावे. पुढील वेतांतील प्रत्येक पिलाचा धनी आज नांवानिशीं सांगतां येतो काय? माजाचे सर्व दिवस कुत्री दाराआड ठेवण्याची सोय आहे काय? वीण वाढवावी इतकी ही कुत्री गुणांनीं खरोखर विशेष आहे काय? पहिल्याचें उत्तर 'होय' असून दुसऱ्या-तिसऱ्याचेंहि 'होय' असेल, तर शस्त्रक्रिया न करणें शोभेल. एकाहि प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर आलें, तर मादीची शस्त्रक्रिया करावी हेंच योग्य. नराविषयीं त्याची भटकण्याची खोड, वय व प्रकृति पाहून ठरवावें. ज्या जिवाला आपण दारीं आणून राखणीस बसविलें, त्याच्या पोटच्या जिवांची नोंदहि आपल्याच खातीं पडते. ती दुसऱ्याच्या शिवेवर टाकून खातें बेबाक होत नाहीं.