भागाकारातले हरवलेले शून्य

आमच्या प्रयोगशाळेत अकरावीचा एक विद्यार्थी साध्या लंबकाचा प्रयोग करीत होता. लंबकाची लांबी १०४ सें. मी. होती आणि २० आंदोलनांना ४१ सेकंद लागले होते. एका आंदोलनाचा काल काढण्यासाठी त्याने ४१ ला २० ने भागले व वहीत २.५ सेकंद असे लिहिले. त्यावरून गुरुत्व त्वरण आले ६५७ सें. मी./से.² ! ते सुमारे ९८० यायला हवे. बिचाऱ्याने दोरा पुन्हा मोजला, घड्याळ तपासले. पण चूक उपकरणात नव्हतीच. ४१ भागिले २० म्हणजे २.०५. मधले शून्य तेवढे हरवले होते.

असे शून्य हरवण्याची सवय बहुधा तिसरी-चौथीतच लागते. भागाकाराची रीत पाठ होते, पण तिचा अर्थ कळलेला नसतो. तुमचे धाकटे भावंड भागाकार शिकत असेल, तर त्याचा सराव पुढीलप्रमाणे घेऊन पहा.

१. चिंचोके वाटा. १२ चिंचोके घ्या. ते तीन वाट्यांत एकेक करून सारखे टाकायला सांगा. प्रत्येक वाटीत ४ येतील. आता तेच चिंचोके गोळा करून तीन-तीनचे ढीग करायला सांगा. ढीग ४ होतील. पहिल्या वेळी ‘प्रत्येकाला किती?’ असा प्रश्न होता. दुसऱ्या वेळी ‘ढीग किती?’ असा. दोन्हींचे उत्तर १२ ÷ ३ हेच. मुलाला हे दोन्ही अर्थ हाताने करू द्या. उत्तर सांगण्याची घाई करू नका.

मग १४ चिंचोके द्या. प्रत्येक वाटीत ४ पडून २ उरतील. ही बाकी. बाकी ३ किंवा अधिक उरली, तर वाटणी अपुरी आहे हे मूल स्वतःच ओळखते. ताळा असा : ३ × ४ + २ = १४.

२. पाढा उलटा विचारा. ‘चार आठी बत्तीस’ म्हणता येणारे मूल ‘चारच्या पाढ्यात बत्तीस कुठे येतात?’ म्हटल्यावर थबकते. असे पाच-सहा प्रश्न रोज विचारा. मध्येच ‘चौतीस येतात का?’ असेही विचारा. रोजची पाच मिनिटे रविवारच्या एका तासापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

३. शून्याची जागा दाखवा. ४१२ ÷ ४ हे उदाहरण घ्या. पुष्कळ मुले याचे उत्तर १३ काढतात. कागदाच्या चिठ्ठ्या करा : शंभरच्या ४, दहाची १, एकच्या २. त्या चौघांत वाटायच्या आहेत. शंभरची एकेक चिठ्ठी प्रत्येकाला मिळाली. दहाची चिठ्ठी मात्र एकच. ती चौघांना कशी पुरणार? म्हणजे दहाची चिठ्ठी कोणालाच नाही. हे ‘कोणालाच नाही’ दशकाच्या घरात लिहायचे, तेच शून्य. आता दहाची चिठ्ठी मोडून एकच्या दहा घ्या. आधीच्या २ धरून १२ झाल्या. प्रत्येकाला ३. उत्तर १०३.

आता लंबकाकडे वळू. ४१ मध्ये २० दोनदा गेले, उरला १. त्याचे १० दशांश झाले. ते वीस जागी वाटता एकही पुरा येत नाही, म्हणून दशांशाच्या घरात शून्य. मग १०० शतांश झाले; प्रत्येक जागी ५. उत्तर २.०५. चौथीतल्या चिठ्ठ्यांचेच हे गणित आहे!

आणखी एक सवय लावा. भागण्यापूर्वी उत्तराचा अंदाज करावा. ४०० चे चार भाग केले तरी प्रत्येकी १०० येतात. मग ४१२ चे १३ कसे येतील?

खालील उदाहरणे आधी तुम्ही सोडवा आणि मग धाकट्यांना चिठ्ठ्या देऊन करायला सांगा : ६१८ ÷ ६, ८१६ ÷ ८, ७०३५ ÷ ७. शेवटच्या उदाहरणात किती शून्ये सांभाळावी लागतात, आणि का, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.