झीरोनेटचं युनोहोस्ट पॅकेज: बसवणं सोपं, परत आणणं अवघड



व्हिडिओत आपण झीरोनेटचं युनोहोस्टसाठी पॅकेज तयार केलं. कोड तिथे स्क्रीनवर आहे, व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या. इथे मी तो पुन्हा टाइप करत बसत नाही. कुठली ओळ का लिहिली आणि त्यातली एक ओळ विसरल्याने माझं काय झालं, एवढंच सांगतो. व्हिडिओत ते घाईघाईत झालं होतं.

आधी थोडक्यात ओळख. युनोहोस्ट म्हणजे डेबियनवर उभी असलेली सर्व्हर व्यवस्था. जुना पीसी किंवा छोटा बोर्ड घ्या, त्यावर ती टाका, की मेल, फाइली, वेबसाइट असली अ‍ॅप वेबपानावरून बटण दाबून बसवता येतात. झीरोनेट हा २०१५ साली हंगेरीतल्या तामाश कोचिश यांनी पायथनमध्ये सुरू केलेला प्रकल्प. यात वेबसाइट एका कंपनीच्या सर्व्हरवर नसते. जो साइट उघडतो त्याच्या मशीनवर तिची प्रत उतरते आणि तो ती पुढच्याला वाटतो, टोरंटसारखं. साइटचा पत्ता म्हणजे बिटकॉइनच्या पत्त्यासारखी अक्षरांची माळ, आणि त्या पत्त्याची एक खाजगी किल्ली असते. किल्ली ज्याच्याकडे, साइट त्याची. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली लागेल.

मूळ लेखकाचं काम थांबलंय. सध्या झीरोनेट कॉन्झर्व्हन्सी नावाची फांदी ते पुढे नेते. नव्याने पॅकेज करणार असाल तर तीच घ्या. मी खाली जे सांगतोय ते दोन्हीकडे जवळपास सारखंच लागू पडतं.

युनोहोस्टच्या पॅकेजमध्ये मुख्य गोष्टी तीन: मॅनिफेस्ट फाइल, कॉन्फिगचे साचे आणि स्क्रिप्टा. मॅनिफेस्टात तुम्ही 'मला काय लागतं' ते लिहिता: सोर्स कुठून उतरवायचा आणि त्याचा शा-२५६ चेकसम, वेगळा सिस्टिम यूजर, इन्स्टॉल फोल्डर, डेटा फोल्डर, पोर्ट, डेबियनची पॅकेजं. हे सगळं युनोहोस्ट स्वतः तयार करून देतं. स्क्रिप्टा इन्स्टॉल, रिमूव्ह, अपग्रेड, बॅकअप आणि रिस्टोअर अशा पाच. नवशिका माणूस नव्वद टक्के वेळ पहिलीवर घालवतो. मीही तेच केलं.

पहिली अडचण पत्त्याची. युनोहोस्टवर बरीच अ‍ॅप एकाच डोमेनखाली वेगवेगळ्या पाथवर बसतात. झीरोनेट तसं बसत नाही, कारण त्याच्या सगळ्या लिंका डोमेनच्या मुळापासून सुरू होतात. म्हणून मॅनिफेस्टात फक्त डोमेन विचारायचं, पाथ विचारायचाच नाही, आणि परवानगीचा पत्ता 'स्लॅश' ठेवायचा. सबडोमेन फुकट आहे, त्याच्यासाठी भांडत बसू नका.

दुसरी अडचण होस्टची. झीरोनेट मुळात तुमच्याच मशीनवर, १२७.०.०.१ वर, ४३११० पोर्टला चालायचं म्हणून बनलंय. ब्राउझरने दुसऱ्याच नावाने हाक मारली तर ते दार उघडत नाही. म्हणून त्याच्या कॉन्फिगमध्ये 'यूआय होस्ट' म्हणून आपलं डोमेन द्यावं लागतं आणि एन्जिनएक्सच्या साच्यात मूळ होस्ट हेडर पुढे पाठवावा लागतो. शिवाय पान आणि मागचा प्रोग्रॅम वेबसॉकेटवर बोलतात. अपग्रेडचे दोन हेडर राहिले तर पान अर्धवट उघडतं आणि नुसतं गोल फिरत राहतं. माझे दोन दिवस त्या गोल फिरण्यात गेले.

आता परवानगी. हे नीट वाचा. झीरोनेटचं पान जो उघडेल तो मालक, असं ते समजतं. घरच्या लॅपटॉपवर ते बरोबर आहे, कारण तिथे तुम्हीच असता. पण सर्व्हरवर डोमेन लावून ते 'सर्वांसाठी खुलं' केलं, तर कोणीही अनोळखी माणूस तुमच्या नावाने साइट बदलू शकतो. म्हणून मुख्य परवानगी सुरुवातीलाच अ‍ॅडमिन गटापुरती ठेवा, म्हणजे युनोहोस्टचं लॉगिन आधी आडवं येईल. झीरोनेटमध्ये पासवर्डचं प्लगइन आहे, पण ते मुळात बंद असतं. फोल्डरच्या नावापुढचा 'डिसेबल्ड' काढला की चालू होतं. मी दोन्ही कुलपं लावतो. दुकानाला शटरही असतं आणि आत गल्ल्यालाही कुलूप असतंच की.

फाइली वाटण्याचं पोर्ट वेगळं. झीरोनेट ते पहिल्यांदा सुरू होताना १०००० ते ४०००० मधून स्वतः निवडतं. पॅकेजमध्ये हे चालत नाही, कारण फायरवॉलमध्ये कुठलं पोर्ट उघडायचं ते युनोहोस्टला आधी कळायला हवं. म्हणून मॅनिफेस्टात पोर्ट मागा, बाहेर उघडं ठेवा आणि तोच आकडा कॉन्फिगच्या साच्यात घाला. एवढं करूनही पोर्ट बंद दिसलं तर पॅकेजला शिव्या घालू नका. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आत येताच येत नाही. तरी काम चालतं, कारण तुम्ही इतरांकडे जाऊ शकता.

आता माझी गोष्ट.

माझ्या दुकानाची दरपत्रकाची एक साइट मी झीरोनेटवर केली होती. ग्राहकांसाठी नाही, ते कशाला झीरोनेट टाकतील! माझ्यासारखेच हौशी असलेले चार-पाच दुकानदार आणि एक पुरवठादार ती उघडायचे. पॅकेज माझंच. मी शहाणपणा करून डेटा इन्स्टॉल फोल्डरच्या बाहेर, डेटा फोल्डरमध्ये नेला. ते बरोबरच होतं. अपग्रेडमध्ये इन्स्टॉल फोल्डर पुसून नव्याने भरला तरी डेटाला धक्का लागत नाही. पण बॅकअपची स्क्रिप्ट मी त्याआधी लिहिली होती. ती इमानेइतबारे रोज रात्री इन्स्टॉल फोल्डरचाच बॅकअप घेत राहिली.

मेमरी कार्ड गेलं. नवीन कार्ड, नवीन युनोहोस्ट, रिस्टोअर. सगळं हिरवं! पान उघडलं, माझी साइट शोधली, तीही दिसली. मी खूष. मग नवे दर टाकायला गेलो तर बदलण्याचं बटणच नाही.

झालं असं की साइट दिसली ती पुरवठादाराच्या मशीनवरून परत उतरून आली म्हणून. माझी किल्ली होती 'यूजर्स' नावाच्या एका छोट्या जेसन फाइलमध्ये, डेटा फोल्डरात. ती नव्हती, म्हणून झीरोनेटने मुकाट्याने नवा यूजर आणि नवं मूळ बीज तयार केलं. एक एरर नाही, एक सूचना नाही. माझ्या दुकानाचे जुने दर आजही कोणाकोणाच्या मशीनवर आहेत, आणि ते मला ना बदलता येत, ना काढता येत. एका दुकानदाराने मला त्याच दरांवर बोट ठेवून माल मागितला. वीस नग जुन्या भावाने दिले. चूक माझी होती, त्याची नव्हे.

तर बॅकअपमध्ये काय घ्यायचं? इन्स्टॉल फोल्डर, एन्जिनएक्स आणि सिस्टमडीच्या फाइली हे सगळे घेतातच. डेटा फोल्डर तर हवाच. पण इथे अजून एक खाच आहे. अपग्रेडच्या आधी युनोहोस्ट जो सुरक्षा बॅकअप घेतं, त्यात 'मोठा डेटा' अशी खूण केलेला भाग ते वगळतं, जागा वाचावी म्हणून. दुसऱ्यांच्या साइटच्या प्रती वगळल्या तर हरकत नाही, त्या परत उतरतात. किल्लीची फाइल वगळली तर तुम्ही माझ्या रांगेत येता. म्हणून ती फाइल काही केबींची का असेना, तिची एक प्रत मोठ्या डेटाच्या खुणेबाहेर, वेगळ्या ओळीने बॅकअपमध्ये घ्या. आणि रिस्टोअरमध्ये सेवा सुरू करण्याआधी ती जागेवर ठेवा, मालकी अ‍ॅपच्या यूजरची करा. सेवा आधी सुरू झाली तर नवा यूजर तयार झालाच समजा.

एक छोटी गोष्ट राहिली. झीरोनेटला स्वतःला अपडेट करण्याचं बटण आहे. पॅकेज केलेल्या अ‍ॅपमध्ये हे बटण म्हणजे घरात दोन स्वयंपाकी. इन्स्टॉल फोल्डरची मालकी रूटकडे ठेवा आणि अ‍ॅपच्या यूजरला फक्त वाचायला द्या. लिहायला त्याच्याकडे डेटा आणि लॉग फोल्डर पुरे. कॉन्फिग फाइल मात्र त्याला लिहिता यावी लागते, सेटिंगच्या पानावरून तो तीच बदलतो.

तपासणीला युनोहोस्टचं 'पॅकेज चेक' हे साधन आहे. ते कंटेनरमध्ये इन्स्टॉल, अपग्रेड, बॅकअप, रिस्टोअर सगळं चालवून बघतं. जरूर वापरा. पण रिस्टोअरनंतर ते पान उघडतंय का एवढंच बघतं, आणि माझंही पान उघडत होतं. म्हणून हाताने करायची तपासणी अशी: रिकाम्या मशीनवर पॅकेज बसवा, एक फालतू साइट तयार करा, बॅकअप घ्या, अ‍ॅप डेटासकट पूर्ण काढून टाका, रिस्टोअर करा. मग त्या साइटवर एक शब्द बदलून सही करून प्रकाशित करा. सही झाली तर पॅकेज पास.

ज्यांना हे दुसऱ्याच्या दुकानात बसवून द्यायचंय, त्यांनी दोन गोष्टी गिऱ्हाइकाला आधी बोलून घ्या. एक, जो साइट बघतो तो ती वाटतोही, आणि त्याचा आयपी इतरांना दिसतो. म्हणून दुकानाच्या सर्व्हरवरून कुठल्याही अनोळखी साइट उघडत बसू नये. आणि ग्राहकांची नावं, फोन, उधारीची वही इथे कधीच टाकायची नाही, कारण एकदा वाटलं गेलेलं परत गोळा करता येत नाही. दुसरी गोष्ट किल्लीची. साइट तयार केल्यावर खाजगी किल्ली कागदावर छापून मालकाच्या हातात द्या, पाकीट बंद करून, आणि दिल्याची सही घ्या. मी बसवण्याचे पैसे वेगळे आणि रिस्टोअर करून दाखवण्याचे वेगळे लावतो. दुसऱ्या रकमेवर घासाघीस करणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला माझं दरपत्रक उघडून दाखवतो, ते जुनं.