उपस्थाता : चिकित्सेचा तिसरा पाद आणि रुग्णरक्षण



भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करत आलो आहोत. यांपैकी पहिल्या दोन पादांवर आपली चर्चासत्रे भरतात. तिसरा पाद मात्र रात्रपाळीच्या मावशींवर किंवा मामांवर सोपवून आपण निश्चिंत होतो. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचे पडण्यापासून, नळ्या उपसण्यापासून किंवा स्वतःस इजा करून घेण्यापासून रक्षण करणाऱ्या या व्यक्तीविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांत ज्ञानाचा उल्लेख प्रथम आहे, हे लक्षणीय होय. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३४ व्या अध्यायात परिचारक बलवान, किळस न करणारा, न थकणारा व वैद्याचे सांगणे पाळणारा असावा असे म्हणून 'व्याधितरक्षणा'त तत्पर असणे हाही त्याचा गुण गणला आहे. चरकांच्या उपकल्पनीय अध्यायात (सूत्रस्थान १५) रुग्णाला उठविणारे, निजविणारे, तसेच कथा-गायनात कुशल असे सेवक रुग्णालयात असावेत, असे वर्णन आहे. उशाशी बसणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही जाण आपल्या परंपरेत जुनी आहे.

एक अनुभव

सन २०११ मध्ये माझ्या आठ खाटांच्या रुग्णालयात ७२ वर्षांचे एक शेतकरी आजोबा संधिगतवातासाठी बस्तिचिकित्सेकरिता दाखल होते. नातेवाइकांनी रात्रीसाठी एक मावशी ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सायंकाळपासून आजोबा पांघरूण चिमटीत धरून ओढत होते आणि "वीज आली, मोटर चालू करायची आहे" असे पुनःपुन्हा म्हणत होते. वयाचा परिणाम समजून मावशींनी ते कोणास सांगितले नाही. पहाटे तीनच्या सुमारास त्या पाणी आणावयास गेल्या असता आजोबा उठले, पडले आणि खुब्याचे हाड मोडले. पुढील तपासण्यांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आढळला.

सर्वांनी मावशींना दोष दिला. त्यांचे काम गेले. मी गप्प राहिलो. वस्तुतः मी त्यांना एकच सूचना दिली होती : "आजोबांकडे लक्ष ठेवा." कशाकडे लक्ष ठेवावे आणि काय दिसल्यास मला उठवावे, हे सांगितले नव्हते. उपस्थात्याचा पहिला गुण ज्ञान. ते देण्याचे कर्तव्य माझे होते.

अचानक उद्भवणारा भ्रम

काही तासांत वा एक-दोन दिवसांत सुरू होणारा, कमी-अधिक होणारा व बहुधा रात्री वाढणारा भ्रम म्हणजे डेलिरियम. जंतुसंसर्ग, जलाल्पता, मूत्रावरोध, मलावरोध, रक्तातील सोडियम वा साखर कमी होणे आणि औषधे ही त्याची नेहमीची कारणे होत. काही रुग्ण बडबडतात, तर काही सुस्त व अबोल होतात. हे दुसरे रुग्ण 'शांत झोपले' म्हणून दुर्लक्षिले जातात.

अमेरिकेतील येल येथे झालेल्या व सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीपुढील ८५२ रुग्णांचा समावेश होता. वेळ-स्थळाची आठवण देणे, निद्रा, हालचाल, चष्मा, श्रवणयंत्र आणि पुरेसे पाणी यांकडे लक्ष दिलेल्या गटात डेलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के, तर नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात १५ टक्के आढळले. याउलट, केवळ शेजारी माणूस बसविल्याने पडणे कमी होते, यास ठोस पुरावा मिळालेला नाही.

उपस्थात्यास द्यावयाच्या सूचना

१. रुग्णाच्या हाताच्या अंतरावर बसावे. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडू नये.

२. खाट खालच्या पातळीवर ठेवून चाकांचे ब्रेक लावावेत. मंद दिवा असावा. कठड्यावर विसंबू नये. भ्रमिष्ट रुग्ण तो ओलांडताना अधिक उंचीवरून पडतो.

३. दर दोन तासांनी लघवीस विचारावे. विरेचन व बस्तीनंतर रुग्णास एकट्याने उठू देऊ नये.

४. वाद घालू नये. "मोटर मुलाने बंद केली, आता रात्र आहे, आपण दवाखान्यात आहोत" असे शांतपणे सांगावे.

५. नवी बडबड, नवी सुस्ती किंवा नळी ओढणे दिसताच वैद्यास उठवावे. हातपाय बांधण्याचा निर्णय उपस्थात्याने घेऊ नये.

६. सुस्त रुग्णास तोंडाने काही भरवू नये.

७. आत्मघाताची भीती असल्यास दोऱ्या, ओढण्या, पाती, फिनेल व औषधे दूर करावीत. शौचालयाची कडी लावू देऊ नये. मरणाचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

"आजोबा रात्री झोपत नाहीत, काहीतरी द्या" असे म्हणत नातेवाईक प्रथम आपल्याकडेच येतात. क्लोरफेनिरामीन वा डायफेनहायड्रामीन यांसारखी औषधे वृद्धांत भ्रम वाढवतात. कनकासवात धत्तूर असतो, हे विसरू नये. सर्पगंधायुक्त कल्पांनी रक्तदाब उतरून उठताना तोल जाऊ शकतो. अशा वेळी पुडी बांधण्यापूर्वी रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

समारोप

आता माझ्या रुग्णालयात वरील सूचनांचा कागद प्रत्येक खाटेशी टांगलेला असतो, आणि रात्री निघण्यापूर्वी मी उपस्थात्याशेजारी पाच मिनिटे बसून तो वाचून दाखवतो. वाचता न येणाऱ्या मावशीही सकाळी अचूक वृत्तान्त देतात. चतुष्पादातील तिसरा पाद दुर्बल नाही. आपण त्यास शिकविले नाही, इतकेच.