माक्याचे तेल : पाक, परीक्षा आणि उपयोग

डोक्याला तेल लावण्याची चाल भारताच्या बहुतेक सर्व प्रांतांत आहे. मात्र तेल सर्वत्र एकच नाही. केरळात आणि कोकणात खोबरेल, तमिळनाडूत तिळाचे तेल, बंगाल व बिहारकडे मोहरीचे तेल, अशी ज्या त्या भूमीतील पिकाप्रमाणे निवड झालेली दिसते. संस्कृतातील 'तैल' शब्दाचा मूळ अर्थ 'तिळापासून निघालेले' असा आहे. पुढे तोच शब्द सर्व तेलांना लागू झाला आणि मराठीत तर नारळाच्या तेलालाही 'खोबरेल' म्हणताना शेवटी तिळाचीच आठवण राहिली.

या मूळ तेलात वनस्पती शिजवून औषधी केशतेल करण्याची रीतही तितकीच सर्वदूर आहे. त्यासाठी जास्वंद, आवळा, ब्राह्मी, कढीपत्ता अशा अनेक वनस्पती वापरतात. परंतु माक्याचा मान सर्वांत मोठा. संस्कृतात याला भृंगराज, हिंदीत भांगरा, तमिळमध्ये करिसलांकण्णी आणि मलयाळममध्ये कय्योन्नी म्हणतात. प्रस्तुत पुस्तिकेत खोबरेलातील माक्याचे तेल हे उदाहरण घेऊन, ते घरी कसे करावे, कृतीतील प्रत्येक पायरीमागे कोणते कारण आहे आणि तयार झालेल्या तेलापासून कोणती अपेक्षा बाळगणे योग्य ठरेल, याचा विचार केला आहे.

माका ही ओलसर जागी, भातखाचरांच्या बांधांवर आणि पाटाच्या कडेला उगवणारी लहान वनस्पती होय. तिचे शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. पाने समोरासमोर, लांबट आणि स्पर्शाला खरखरीत असतात. फुलांचे गेंद लहान व पांढरे असतात. पान चुरडून बोटांवर चोळल्यास थोड्या वेळाने बोटे काळपट होतात. ही खूण महत्त्वाची आहे, कारण एकदांडी नावाचे दुसरे तण पुष्कळदा माका म्हणून आणले जाते. एकदांडीचे फूल लांब, उभ्या, एकट्या दांड्यावर येते व तिची पाने अधिक कातरलेली असतात. गटाराच्या किंवा सांडपाण्याच्या काठचा माका घेऊ नये.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करून पाहावा. काचेच्या दोन कुप्या घेऊन एकीत कोमट पाणी आणि दुसरीत कोमट खोबरेल घालावे. दोहोंत तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्यांचे तुकडे टाकावे. पाणी लवकरच तांबूस-जांभळे होईल, तेल मात्र जवळजवळ होते तसेच राहील. आता दुसऱ्या दोन कुप्यांत माक्याची वाटलेली पाने घालून तोच प्रयोग करावा आणि नंतर दोन्ही द्रव गाळावे. पाण्याला काळपट-तपकिरी झाक येते. तेल हिरवे होते. जास्वंदीचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, पानातील हरितद्रव्य तेलात विरघळणारे आहे. म्हणूनच जास्वंदीचे तेल जास्वंदीसारखे तांबडे कधीच होत नाही. बाजारात ते तसे दिसले तर रंग निराळा घातला आहे असे समजावे.

वनस्पतीतील एखादा पदार्थ तेलात उतरेल की नाही, हे त्याच्या कीर्तीवर नव्हे, तर त्याच्या विद्राव्यतेवर ठरते. आवळ्यातील 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीतपणाही पाण्याचाच सोबती आहे. केस धुण्यासाठी तो उपयोगी पडतो, परंतु तेलात येत नाही. तेलात येतात ती मुख्यतः हरितद्रव्य, मेणासारखे व स्निग्ध पदार्थ, काही सुगंधी द्रव्ये आणि तशाच स्वभावाची इतर संयुगे.

मग एक शंका साहजिकच उद्भवते. तेल जर पाण्यातील पदार्थ स्वीकारतच नसेल, तर पानांचा पाणीदार रस तेलात घालून तासन्तास आटवण्याचे प्रयोजन काय? पाने सरळ तापलेल्या तेलात का टाकू नयेत?

आयुर्वेदातील तैलपाकाचे प्रमाण असे आहे : वाटलेली वनस्पती, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग, आणि रस किंवा काढा सोळा भाग. तेलाच्या चौपट पाणी हे प्रथमदर्शनी अतिरेकाचे वाटते. परंतु पाणी उकळत असेपर्यंत मिश्रणाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, कारण चुलीकडून येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास ७० कॅलरी लागतात. त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. ज्या काळी तापमापक नव्हता, त्या काळी कल्क न करपता दोन-तीन तास एकाच उष्णतेवर शिजावा याची याहून सोपी योजना क्वचितच सुचली असती. पाणी नसलेले तेल पाहता पाहता १५० अंशांच्या पुढे जाते आणि पाने तळून काळी पडतात.

घरी करण्यास सोयीचे प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे. खोबरेल २५० ग्रॅम, माक्याचा कल्क सुमारे ६० ग्रॅम आणि रस व पाणी मिळून एक लिटर. यासाठी अर्धा किलोच्या आसपास ताजा माका लागतो. तो दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावा, थोडा कल्कासाठी बाजूस काढावा आणि उरलेला वाटून, पिळून रस काढावा. रस एक लिटर भरणार नाही; तेवढे पाणी घालून तो पुरा करावा. भांडे जाड बुडाचे व निदान तीन लिटरांचे असावे, कारण उकळताना मिश्रण फसफसून वर येते. भांडे स्टेनलेस पोलादाचे उत्तम. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तेलातील मेदाम्लांचा तांब्याशी संयोग होऊन तेल हिरवे होते, आणि हा हिरवेपणा माक्याचा आहे अशी फसगत होते. शिवाय तांबे व लोखंड यांच्या अंशाने तेल लवकर खवट होते. लोखंडी कढईतील काळे तेल अधिक गुणकारी, असा समज आहे. तो काळेपणा मुख्यतः लोखंड आणि वनस्पतीतील तुरट द्रव्ये यांच्या संयोगाचा असतो.

तेल, कल्क व रस एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. प्रारंभी फार ढवळण्याची गरज नसते. पाणी आटत आले की कल्क बुडाशी बसू लागतो. येथून पुढे लाकडी उलथन्याने सतत हलवत राहावे आणि चुलीपासून दूर जाऊ नये. सर्व कृतीत अवघड भाग हाच. दोन तास संथपणे चाललेली क्रिया शेवटच्या दहा मिनिटांत एकाएकी वेग घेते, कारण तापमान आवरून धरणारे पाणी आता संपत आलेले असते.

पाक झाला हे कसे ओळखावे? शार्ङ्गधरसंहितेत सांगितलेल्या लक्षणांपैकी दोन घरगुती कामास पुरेशी आहेत. पहिले असे की, कल्काचा थोडा अंश निववून बोटांमध्ये वळला असता त्याची वात व्हावी. ओला कल्क बोटांना चिकटतो, करपलेला भुगा होतो. दुसरे लक्षण असे की, कल्क विस्तवावर टाकला असता चडचड असा आवाज होऊ नये. हा आवाज पाण्याचा असतो. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. कल्कात लपलेला सूक्ष्म थेंबही त्या फुटण्याने आपले अस्तित्व जाहीर करतो. शाळेत हीच परीक्षा कापसाची वात तेलात बुडवून, निथळून, भांड्यापासून दूर पेटवून करता येईल. मात्र ती शिक्षकांनी स्वतः करावी.

त्याच ग्रंथात पाकाचे मृदू, मध्यम आणि खर असे प्रकार केले असून अंगाला चोळण्याच्या तेलास खरपाक सांगितला आहे, म्हणजे ज्यात पाणी कमीत कमी उरले आहे असा. आधुनिक रसायनशास्त्राने पाहिले तरी हा निर्णय योग्यच ठरतो. तेलात पाणी राहिले की मेदाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटी होतात, साबणासारखा किंवा कुबट वास येतो, आणि ओल्या गाळावर बुरशी धरते. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका श्रावणात असे तेल फेकून द्यावे लागले. रंग सुरेख होता, वासही चांगला होता. आवाजाची परीक्षा तेवढी घाईत राहून गेली होती. दोन आठवड्यांत बाटलीच्या तळाशी पांढुरकी साय दिसू लागली.

तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि ओतू नये. वर सांगितलेली सोळाशे पटींची वाढ तेथे क्षणात घडते आणि जळते तेल चहूकडे उडते. चूल बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे, व ते पूर्ण निवेपर्यंत उचलू नये. पाक चालू असता लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, हे सांगावयास नकोच.

तेल कोमट झाल्यावर अगदी कोरड्या कापडातून गाळावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ तेल कोरड्या बाटलीत भरावे. वाळा किंवा मरवा यांचा सुगंध हवा असल्यास तो शिजवताना घालण्यात अर्थ नाही. सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात. निवल्यानंतर त्यांच्या अर्काचे काही थेंब घालावे. कापूर मात्र लहान मुलांच्या तेलात घालू नये. तो शरीरात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात. बाटली गडद रंगाची असावी किंवा कपाटात ठेवावी. हरितद्रव्य प्रकाशात असताना तेलाच्या ऑक्सिडीकरणास चालना देते, म्हणून खिडकीत शोभेसाठी ठेवलेले हिरवेगार तेल साध्या खोबरेलापेक्षा लवकर खवट होते.

आता या तेलाने केसांचे काय होते ते पाहू. त्वचेबाहेर दिसणारा केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून तो निर्जीव असतो. त्याची वाढ त्वचेतील मुळाशी, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने होते. त्याचा काळा रंगही तेथेच भरला जातो. त्यामुळे वरून लावलेल्या तेलाने पांढरा केस मुळापासून काळा होण्याची आशा व्यर्थ आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले पातळ पापुद्रे असतात. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. या वारंवार होणाऱ्या क्रियेने आणि कंगव्याच्या घर्षणाने ही कौले निखळतात.

येथे खोबरेलाचे खरे कार्य दिसून येते. खोबरेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचे रेणू लहान व सरळ असल्याने ते तेल केसाच्या आत शिरू शकते. प्रिन्स्टन येथील संशोधकांसह झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल केसाच्या अंतर्भागात आढळले, खनिज तेल आढळले नाही. मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली; धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीयरीत्या कमी करणारे तेल त्यांत खोबरेल एकटेच ठरले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या उद्योगाच्या प्रयोगशाळेतील होते, हेही वाचकांनी जाणून असावे. तरी त्यातील मोजमाप स्पष्ट आहे आणि कारणही पटण्याजोगे आहे.

माक्याच्या स्वतःच्या गुणाविषयी बोलताना अधिक सावध राहावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर माक्याच्या अर्काने केस लवकर उगवले, असे आढळले. परंतु तो अर्क पेट्रोलियम ईथर व अल्कोहोल यांसारख्या द्रावकांनी काढलेला होता. घरच्या कढईतील तेल म्हणजे तो अर्क नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माक्याच्या तेलाने केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात, हे मान्य करण्यास हरकत नाही. त्यातील बरेचसे श्रेय खोबरेलाकडे जाते. टकलावर केस उगवतील, असे मात्र म्हणता येत नाही. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. एकाएकी झुपक्यांनी केस जाऊ लागले, डोक्यावर गोल चट्टे पडले किंवा खाज सुटून खपल्या धरल्या, तर नवे तेल न शोधता डॉक्टरांकडे जावे. शरीरातील लोहाची उणीव, ताप, नायटा, आनुवंशिकता अशी तिची अनेक कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो.

कोंडा असल्यासही विचार करावा. टाळूवर मॅलेसेझिया नावाचे सूक्ष्म किण्व राहते. त्याला स्वतःचा मेद तयार करता येत नाही. ते आपल्या टाळूवरील मेदावर जगते. अशा वेळी तेल रात्रंदिवस टाळूवर ठेवणे म्हणजे त्याला अन्न पुरवणेच होय.

वापरताना मध्यम लांबीच्या केसांना एक चमचा तेल पुरते. न्हाण्यापूर्वी दोन-तीन तास ते केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना, हलक्या हाताने लावावे. टोकेच सर्वांत जुनी व झिजलेली असतात. प्रथमच वापरणाऱ्याने कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी आणि लाली किंवा खाज आल्यास ते तेल सोडून द्यावे. एका वेळी तीन-चार महिने पुरेल इतकेच करावे व बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावावी. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे पुणे-नागपूरच्या थंडीत बाटली घट्ट होईल. हा बिघाड नव्हे. झाकण पक्के लावून ती कोमट पाण्यात थोडा वेळ उभी करावी, आणि थिजलेले तेल चमच्याने काढावयाचे झाल्यास चमचा पुसून कोरडा केलेला असावा.