पॉजला सेकंद असतात

प्रायोगिक नाटकाच्या तालमी घेण्यात बरीच वर्षं गेली. आधुनिकतावादी नाटक हातात घेणाऱ्या तरुण मंडळींचा एक समज मला सगळीकडे भेटतो. भाषा अपुरी पडते असंच या नाटककारांना म्हणायचं आहे, तेव्हा आपण जरा धूसर राहिलो तरी खपून जाईल. माझा अनुभव उलटा आहे. शब्द जिथे थांबतात तिथे हे लेखक सगळ्यात जास्त काटेकोर होतात. त्याबद्दल तालमीत जे वरचेवर सांगावं लागलं, ते इथे लिहून ठेवते.

१. पॉज भरायला जाऊ नका

पॉज दिसला की नवा नट सुस्कारा सोडतो, छताकडे बघतो. जागा रिकामी आहे म्हणजे तिथे आपण काहीतरी घातलं पाहिजे, असं त्याला वाटतं. हॅरॉल्ड पिंटरच्या संहितेत तीन टिंबं, ‘पॉज’ आणि ‘शांतता’ अशा तीन निरनिराळ्या सूचना येतात, आणि तिन्हींचं वजन वेगळं असतं. मी नटाला एवढंच विचारते, आता तू काय बोलणार होतास आणि ते कुणामुळे राहिलं? याचं उत्तर मिळालं की छताकडे बघणं आपोआप बंद होतं. विजय तेंडुलकरांची माणसंही वाक्यं अर्ध्यावर टाकतात, पण शब्द सुचत नाहीत म्हणून क्वचितच. समोरचा माणूस हे वाक्य उद्या आपल्याविरुद्ध वापरील, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं. तो हिशेब नटाच्या डोळ्यांत दिसला की पुरे.

२. निघताना खरंच निघा

सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या बाबिलोन थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं, मूळ फ्रेंचमध्ये. दोन्ही अंकांचा शेवट सारखाच आहे. एक जण निघायचं का विचारतो, दुसरा होकार देतो आणि दोघंही जागचे हलत नाहीत. फरक असलाच तर इतकाच, की दुसऱ्या अंकात विचारणारा आणि होकार देणारा यांची अदलाबदल झालेली असते. आमच्याकडे हा शेवट हमखास कारुण्यात बुडवला जातो. होकार देतानाच आवाज असा पडतो की हे दोघं जाणार नाहीत हे शेवटच्या रांगेलाही आधीच कळतं. मी सांगते, अगदी स्टेशनवर जायला निघाल्यासारखं बोला, मग हलू नका. बोलणं आणि देह यांच्यातली फट तेवढी दिसू द्या. दुःख दाखवायला गेलात की ती बुजते.

१९७५ साली बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये बेकेटने हे नाटक स्वतः बसवलं. त्यासाठी त्याने वहीत एकेक हालचाल आखून ठेवली होती. ज्याचं नाटक ‘निरर्थकाचं नाटक’ म्हणून आपण वर्गात शिकवतो, तो गृहस्थ पात्रांच्या येरझाऱ्यांचा हिशेब ठेवत होता.

३. आधी शब्द, मग हालचाल असं पाठांतर इथे चालत नाही

हे मला ‘हॅपी डेज’ने शिकवलं. बेकेटचं १९६१ चं नाटक. विनी ही मध्यमवयीन बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात रुतलेली, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. संहितेचं पान उघडलं की धडकी भरते. अर्धं वाक्य, कंस, पिशवीत हात, दोन शब्द, कंस, चष्मा पुसणं, पुन्हा अर्धं वाक्य. आमच्या नटीचं पाठांतर उत्तम होतं, त्यामुळे आठवड्याभरात शब्द तोंडपाठ. पण हालचाली त्यांवर चढेनात. जीभ पुढे पळायची, हात मागे राहायचे. मग तिला टेबलामागे बसवलं, पिशवी, आरसा, टूथब्रश, छत्री सगळं हातात दिलं आणि एकेक तुकडा हालचालीसकट नव्याने पाठ करायला लावला. फार वेळ गेला, तिने माझ्याशी बोलणंही कमी केलं, पण विनी सापडली ती तिथेच. ही बाई मनातलं बोलून दाखवत नाही. तिला वस्तू हाताला लागते आणि त्या वस्तूच्या आधाराने पुढचं वाक्य मिळतं. टूथब्रशच्या दांड्यावर काय लिहिलंय ते वाचण्यात ती पहिल्या अंकाचा केवढा तरी भाग घालवते.

दुसऱ्या अंकात हातच नाहीत. पिशवी आहे, छत्री आहे, रिव्हॉल्वरसुद्धा आहे, आणि कशाचाही उपयोग नाही. उरतात डोळे, ओठ, गाल, जीभ. प्रत्येक नटी इथे आवाज चढवते, हातांचं काम गळ्याकडून करून घ्यायला बघते. आवाज खाली आणणं हे दिग्दर्शकाचं खरं काम. डोळे उजवीकडे, डोळे समोर, एवढ्याशा सूचनांवर हा अंक पेलला जातो. पहिल्या अंकात हातवारे जितके नेमके झाले असतील तितकं दुसऱ्यात त्यांचं नसणं जाणवतं. पहिला अंक ढिला गेला असेल तर दुसऱ्यात नटीने जिवाचं रान केलं तरी उपयोग नाही.

लेखकाच्या सूचना ओलांडायच्या का, हा वाद इथे दरवेळी निघतो. १९८४ मध्ये अमेरिकेत केंब्रिज इथे ‘एंडगेम’ भुयारी रेल्वेच्या बोगद्यात घडवलं गेलं, तेव्हा बेकेटने हरकत घेतली आणि त्याचा निषेध कार्यक्रमपत्रिकेत छापावा लागला. मी साधारणपणे सगळ्याच लेखकांशी भांडते, पण इथे मी त्याच्या बाजूची आहे. ढिगारा काढून दुसरं काही आणायचं असेल तर खुशाल नवं नाटक लिहा.

४. मर्ढेकर तालमीत वाचावेत

कॉलेजात बा. सी. मर्ढेकरांची लयतत्त्वं परीक्षेपुरती घोकली होती. संवाद, विरोध, समतोल. तेव्हा ती कोरडी वाटली. साहित्याचं माध्यम त्यांनी भावनात्मक अर्थ हे मानलं आणि तिथेच त्यांची अडचण झाली. स्वर मोजता येतो, रंगाशेजारी रंग ठेवून बघता येतो, पण भावनेच्या अर्थाची लय कशाने ठरवायची? पुस्तकापुरतं बोलायचं तर याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. रंगमंचावर अर्धं उत्तर मिळतं, कारण इथे पॉजला सेकंद असतात. ‘गोदो’च्या दोन अंकांच्या शेवटी जे न हलणं आहे, ते दोन्ही वेळा सारख्याच लांबीचं ठेवून बघा. दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला पहिलं आठवतं आणि त्याच्या घशाशी काहीतरी येतं. दुसरं मुद्दाम लांबवलंत तर त्याला नुसतं वाईट वाटतं, आणि वाईट वाटायला त्याला नाटकाला यायची गरज नाही. मर्ढेकरांचा ‘संवाद’, म्हणजे सारख्याचा सारख्याशी मेळ, मला घड्याळ हातात धरून कळला.

५. ‘मला सांगता येत नाही’ हे नीट सांगता आलं पाहिजे

ऑस्ट्रियन लेखक होफमान्सथालने १९०२ मध्ये एक काल्पनिक पत्र लिहिलं. लॉर्ड चँडॉस हा तरुण सरदार फ्रान्सिस बेकनला कळवतो की कशाबद्दलही सुसंगत विचार करणं, बोलणं आपल्याला आता जमत नाही. पत्र मात्र विलक्षण डौलदार. एकांकिका स्पर्धांमध्ये दर मोसमात दोन-चार पात्रं अंधारात उभी राहून आपल्याला व्यक्त होता येत नाही म्हणून सांगतात, आणि ते खरंच असतं. न जमणं सांगायलाही आधी एखादा घाट जमावा लागतो. मर्ढेकरांनी कवितेत यंत्रयुगातलं तुटलेपण अभंगाच्या चौकटीत बसवलं ते अभंग हातात होता म्हणून.

६. बोलणं उतू जाणं हीसुद्धा मर्यादाच

गप्प बसणं म्हणजे आधुनिक, असा एक सोपा नियम होऊन बसला आहे. ‘गोदो’तला लकी डोक्यावर टोपी चढली की विरामचिन्हांशिवाय बोलत सुटतो, आणि दुसऱ्या अंकात मुका होऊन येतो. १९७२ च्या ‘नॉट आय’मध्ये काळोखात उंचावर एक तोंड तेवढं दिसतं आणि ते भयंकर वेगाने बोलतं. आपल्यावर गुदरलेलं सगळं सांगतं, पण ते आपलं आहे हे मान्य करत नाही. याचा परिणाम बुद्धीपेक्षा मज्जातंतूंवर व्हावा अशी बेकेटची अपेक्षा होती. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या नटांना मी हे सांगते. शब्द कळला नाही तरी चालेल, उच्चार मात्र स्वच्छ हवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

७. बेणारेच्या स्वगताआधी कोर्टाची तालीम घ्या

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चं. लीला बेणारेचं शेवटचं स्वगत प्रत्येक नटीला हवं असतं. ऑडिशनला निम्म्या मुली तेच घेऊन येतात. हे स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहातून मागाहून लिहिलं गेलं, अशी हकिकत नाटकवाल्यांत नेहमी सांगितली जाते. त्यावरून कुणी म्हणतं, बेणारे गप्पच राहायला हवी होती. मला तसं वाटत नाही, कारण ते स्वगत ज्या जागी येतं ती जागाच अचाट आहे. नाटकातलं लुटुपुटीचं कोर्ट आरोपी ठरवलेल्या बेणारेला बोलायला दहा सेकंद देतं. इतर सगळे थिजतात, बेणारे बोलते, मिनिटंच्या मिनिटं बोलते. ते संपतं आणि कोर्ट म्हणतं, वेळ संपली, आरोपीला काही म्हणायचं नाही. म्हणजे प्रेक्षकांनी सगळं ऐकलं आणि खोलीत एक शब्द उच्चारला गेला नाही. बोलणं आणि गप्प बसणं एकाच वेळी, एकाच देहात.

त्यामुळे या प्रवेशाची किल्ली नटीकडे नाही, न्यायाधीश झालेला काशीकर आणि वकील झालेला सुखात्मे यांच्याकडे आहे. स्वगतानंतरची त्यांची वाक्यं सरकारी खिडकीवरच्या आवाजात यायला हवीत. नट चांगल्या घरची मुलं असतात, ती आतून हललेली असतात, नकळत नजर खाली घालतात. तेवढ्याने सगळं फुकट जातं. कोर्टाने ऐकलं असा भास झाला की बेणारेला श्रोता मिळाला, आणि श्रोता मिळालेली बाई एकटी नसते. मी आधी कोर्टाची तालीम घेते, बेणारेशिवाय, मध्ये नुसते दहा सेकंद सोडून. ते कंटाळवाणं होईपर्यंत घेते. नटीला मग वेगळं काही सांगावं लागत नाही.

८. मनोगत वाचू नका

प्रयोगाआधी माईकवर येऊन नाटक समजावण्याची आपल्याकडे हौस आहे. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात ‘गोदो’चा प्रयोग झाला. त्यात एकही स्त्रीपात्र नाही, हे निवडीचं एक कारण होतं. सुमारे चौदाशे कैद्यांनी तो खिळून पाहिला. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं.

९. दिव्यांचं

बेकेटच्या ‘प्ले’मध्ये तीन माणसं रांजणांत आहेत आणि ज्याच्या तोंडावर स्पॉट पडेल त्याने बोलायचं. दिवा हलला की वाक्य तिथेच तुटतं. तो चौथा नट आहे, आणि नाटक पुन्हा पहिल्यापासून होतं तेव्हा त्यालाही सगळं पाठ असावं लागतं. हौशी संस्थांमध्ये दिवे भाड्याने येतात, तेही प्रयोगाच्या दुपारी, आणि ऑपरेटर संहिता बघतो ती तिसऱ्या घंटेच्या आसपास. ऑपरेटर पहिल्या वाचनापासून बसणार असेल, त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च बजेटमध्ये धरला असेल, तरच ‘प्ले’ घ्या. नाहीतर ‘क्रॅप्स लास्ट टेप’ आहे. एक नट, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर, आणि वर टांगलेला एक दिवा.